कोण नेतंय ते नंतर, आधी कधी नेतंय ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कागल तालुक्यात दूधगंगेच्या बाजूला मळ्यात घर, गावठी आणि गिरिराज मिळून सत्तर कोंबड्या. दिवसभर मोकळ्या, रात्री पत्र्याच्या शेडमध्ये. तीन आठवड्यांत एकवीस गेल्या. काही सकाळी शेडमध्येच मान फोडलेल्या सापडल्या, काही दिवसाढवळ्या गायब. शेजारी म्हणतात मुंगूस. आणि तुम्ही विचारलंय, जाळी कुठली घेऊ, कुत्रा पाळू का, मुंगसाला पिंजरा लावू का, आणि सगळ्यात शेवटी, तारेत करंट सोडला तर चालेल का.

शेवटचं आधी घेते. बाकी कशात चुकलात तर कोंबडी जाईल, यात चुकलात तर माणूस जाईल. घरच्या लाइनचा करंट कुंपणात सोडायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही. रानडुकरासाठी सोडलेल्या करंटला पहाटे पाणी पाजायला निघालेला माणूस चिकटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. झटका मशीन हा वेगळा प्रकार आहे, त्याचं पुढं सांगते.

पिंजऱ्याचंही तसंच. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, घोरपड ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पकडणं, मारणं, विष घालणं हा गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोग होत नाही. तुमच्या शेडच्या आसपास खायला आहे म्हणून तो मुंगूस तिथं आहे. त्याला उचलून नेलात तर महिन्याभरात दुसरा येईल, आणि मधल्या काळात घुशी वाढतील त्या वेगळ्याच. विषाचं तर नावच काढू नका. मेलेल्या कोंबडीत औषध घालून ठेवलं की पहिलं मरतं ते शेजाऱ्याचं कुत्रं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जाळी विचारताय, पण तुमच्या मजकुरातलं एक वाक्य मला जाळीपेक्षा महत्त्वाचं वाटलं: "डेअरीला दूध घालून आलो की साडेसातच्या पुढं दार लावतो." सध्या थंडीत सूर्य सहाला मावळतोय. कोंबड्या त्याच्या आधीच आपल्या पायानं शेडमध्ये जाऊन दांडीवर बसतात. म्हणजे रोज तास-दीड तास सत्तर कोंबड्या अंधारात उघड्या दारामागं बसलेल्या. तुम्ही डेअरीला कधी जाता हे सगळ्या वस्तीला माहीत असतं, तसं ते रानमांजरालाही माहीत होतं. ती जनावरं आठ-पंधरा दिवसांत माणसाचा दिनक्रम पाठ करतात.

दिवसा कोंबडी चलाख असते. सावली हलली तरी पळते, झाडावर चढते, ओरडून गाव गोळा करते. अंधार पडला की तिचा दगड होतो. तिला रात्री दिसत नाही, म्हणून शेजारची मारली जात असताना ही जागची हलत नाही, किंवा नुसतीच फडफडते. आणि बंद जागेतली फडफड बघितली की शिकारी जनावर पोट भरल्यावरही थांबत नाही. एका रात्रीत पंधरा मारल्या आणि एकच खाल्ली, हे लोकांना क्रूर वाटतं. पण रानात पहिलीला धरलं की बाकीच्या उडून जातात, म्हणून तिथं ते एकीवरच थांबतं. शेडमध्ये उडून जाणार कुठं?

म्हणून रात्र आणि दिवस हे दोन वेगळे प्रश्न समजा. तुमच्याकडं चोरही बहुतेक दोन आहेत. मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे, रात्री बिळात झोपतो. अंधार पडल्यावर शेडमध्ये माना फुटत असतील तर ते त्याचं काम नाही. शेजाऱ्यांनी मुंगूस बघितला असेल, खोटं बोलत नसतील. पण बघितला तो दिवसा.

माझं सांगायचं तर भोगावतीच्या काठी आमचा मळा आहे. सतरा वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अकरा कोंबड्यांवर सुरू केलं. आता अडीचशेच्या आसपास असतात. जे शिकले ते बहुतेक नुकसानातूनच, आणि त्यातलं सगळ्यात मोठं २०१९ च्या ऑगस्टमधलं. महापुराचं पाणी मळ्यात शिरायला लागल्यावर आम्ही ट्रॉलीत घालून कोंबड्या गावठाणात चुलत सासऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात हलवल्या. गोठ्याच्या तोंडाला षटकोनी कोंबडी-जाळी ठोकली, खाली विटा लावल्या. पाण्याची एवढी धास्ती होती की कोरडी जागा मिळाली यातच समाधान. पण पाणी चढतं तेव्हा उंचावर फक्त माणसं येत नाहीत. साप येतात, घुशी येतात, आणि चार गावची मोकाट कुत्री उपाशी फिरत असतात. तिसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाई आधी उठल्या. त्यांनी मला हाक मारली नाही. मी गेले तेव्हा गोठ्याच्या दारात नुसत्या उभ्या होत्या. अडतीस कोंबड्या मेल्या होत्या आणि एकही खाल्लेली नव्हती. जाळी फुटली नव्हती, ताणून तिचं भोक मोठं केलं होतं, आणि तारेच्या मुरगळलेल्या टोकांना पिवळट केस अडकले होते.

तेव्हापासून त्या जाळीवर माझा विश्वास नाही. ती हातानं ओढली तरी पसरते. कोंबडी आत राहावी एवढ्यासाठीच ती बरी. दिवसाच्या आवाराला चालेल, रात्रीच्या खोलीला नाही.

तर आधी कोण येतंय ते शोधा. याला पैसे लागत नाहीत, दोन-तीन दिवस लागतात.

पहिलं, कोंबडी खरंच मारली गेली की मेल्यावर कुणी ओढली? मानमोडीनं, म्हणजे राणीखेत रोगानं, मेलेली कोंबडी रात्री उंदीर-घुशींनी कुरतडली तर सकाळी ती शिकारच वाटते. चावलेल्या जागेची कातडी सोलून बघा. खाली रक्त साकळलेलं, काळंनिळं असेल तर चावा जिवंतपणी बसलाय. कातडीखाली पांढरं-स्वच्छ असेल तर ती आधी मेली होती, आणि मग तुमचा प्रश्न जाळीचा नाही, लसीचा आहे. हे करताना हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि नंतर साबणानं हात धुवा.

दुसरं, पिसं. गायब झालेल्या कोंबडीची पिसं कुठंतरी पडलेली असतातच. ती उचलून देठ बघा. शिकारी पक्षी पिसं चोचीनं उपटतो, त्यामुळं देठ टोकासकट अख्खे निघतात आणि एकाच जागी गोल पुंजका पडतो. चार पायांचं जनावर दातानं तोडतं. तिथं देठ मधेच चावलेले, लाळेनं चिकटलेले मिळतात, आणि पिसांची माग काढावी अशी रेघ उसाकडं नाहीतर ओढ्याकडं गेलेली असते.

तिसरं, राख. आमच्याकडं पाण्याला अजून चूल पेटते, म्हणून राख फुकट आहे. नसेल तर बारीक चाळलेली माती घ्या. दिवेलागणीला शेडच्या दारात आणि शेडभोवती जिथं जिथं फट आहे तिथं हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी उजेड तिरपा असताना बघा, डोक्यावर ऊन आलं की ठसे पुसट दिसतात. गोल ठसा, चार बोटं, नखं उमटलेली नाहीत म्हणजे मांजरकुळातलं. चारच बोटं पण पुढं नखांचे टोचे असतील तर कुत्रं किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा निमुळता आणि आटोपशीर असतो, पण पहिल्याच वेळी ओळखू येईल असं नाही. पाच बोटं दिसली तर मुंगूस किंवा उदमांजर, आणि त्या दोघांत फरक वेळेवरून करायचा. उदमांजर रात्रीचं. शेजारी आंबा-फणसाचं जुनं झाड असेल, किंवा भिंतीच्या माथ्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसत असेल, तर त्याचा संशय घ्या. ते जमिनीवरून येत नाही, छपरावरून येतं.

मेलेल्या कोंबड्यांची अवस्थाही बोलते. खूप मेल्या, कुठंही पडल्या, पाठ-पंख फाडलेले आणि खाल्लं काहीच नाही, असं असेल तर डोळे झाकून कुत्री म्हणा. रोज एक किंवा एकाआड एक जाते, आवाज नाही, मागं चार पिसं, तर रानमांजर. काही जण त्याला बाऊल म्हणतात. उसाच्या पट्ट्यात ते भरपूर आहे, कारण उसात उंदीर आहेत. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील, किंवा एखादं पिल्लू डोकं-खांदे ओलेगच्च होऊन मेलेलं सापडलं, तर साप. गिळायला घेतलं, गेलं नाही, सोडून दिलं. लहान पिल्लं एकेक करून कमी होत असतील आणि मागं काहीच उरत नसेल, तर आधी घुशीची बिळं शोधा. पिल्लांच्या बाबतीत आपण आकाशाकडं बघून घारीला शिव्या देतो आणि चोर पायाखाली असतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: रात्रीचं काम रानमांजराचं किंवा उदमांजराचं, आणि उघड्या दारातून. दिवसाचं काम मुंगसाचं किंवा पुन्हा रानमांजराचंच, उसाच्या कडेनं. पण मी शेड बघितलेली नाही, राख खोटं ठरवेल तर राखेचं ऐका.

आता रात्रीची खोली. खर्च करायचा तो इथं करा. सगळ्या आवाराला भारी कुंपण घालण्यापेक्षा सत्तर कोंबड्या मावतील एवढी एकच खोली चोख करा. सत्तर कोंबड्यांना दहा बाय बारा फूट बक्कळ होते.

पत्र्याच्या शेडची खरी गोची कुठं असते सांगते. पत्रा जिथं भिंतीवर टेकतो तिथं. पन्हाळी वर-खाली असतात, त्यामुळं प्रत्येक पन्हाळीखाली एक अर्धगोल भोक राहतं. खालून बघितलं की उजेडाच्या चकत्यांची ओळ दिसते. माझ्या पहिल्या शेडला अशी बावीस भोकं होती आणि मी दाराला दोन-दोन कुलपं लावत होते. ती भोकं सिमेंटनं बुजवू नका, हवा त्यातूनच खेळते, आणि ती बंद झाली की विष्ठेच्या वासानं कोंबड्यांना नाका-डोळ्यांचा त्रास सुरू होतो. अर्धा इंच चौकोनाच्या वेल्डमेश जाळीची (तारा वेल्डिंगनं जोडलेली, ओढली तरी न पसरणारी) वीतभर पट्टी कापून भिंत आणि पत्रा दोन्हीला स्क्रू-वॉशरनं आवळा. बांधायची तार वापरू नका, दोन पावसाळ्यांत गंजून तुटते.

खिडक्यांना आणि पुढच्या उघड्या भागाला पण तीच वेल्डमेश. जाळी महाग वाटली तर खालचे तीन फूट वेल्डमेश आणि त्याच्या वर एक इंची चालेल. दांड्या जाळीपासून दीड फूट आत घ्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला मांजर बाहेरून पंजा घालून ओढतं, आणि सकाळी आपल्याला कळतच नाही की बंद खोलीत मान गेली कशी. तुमच्या "मान फोडलेल्या" कोंबड्या दांडीखाली पडल्या होत्या की जाळीजवळ, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवून बघा.

जमीन. तुमच्याकडं काळी माती असणार. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भिंतीच्या पायाशी हात जाईल एवढ्या चिरा पडतात. जमलं तर आत कोबा करा. नाही जमलं तर बाहेरून जाळीचा पदर सोडा. म्हणजे भिंतीच्या पायाला जाळी पक्की करून ती दोन फूट बाहेर जमिनीवर आडवी पसरायची, वर माती आणि दगड टाकायचे. उकरणारं जनावर अगदी भिंतीलगत उकरायला लागतं, तिथं नखाला जाळी लागते. दोन फूट मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. मी चार हात खोल चर खणून जाळी पुरण्याचा उद्योग एकदा केलाय. गड्याचा तीन दिवसांचा रोज गेला आणि काम पदराएवढंच झालं.

दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा किंवा साधं कुलूप. खाली फट एक बोटाहून जास्त नको.

आता तुमच्या डेअरीचं. दूध सोडता येणार नाही, मला कळतंय, आमच्या घरीही चार म्हशी आहेत. म्हणून कोंबड्यांची वेळ अलीकडं ओढा. दिवसभर बाहेर दाणे टाकणं बंद करा. त्या किडे-गवत खातील. संध्याकाळचा दाणा फक्त आणि फक्त शेडच्या आत, सूर्य मावळायच्या तासभर आधी, आणि टाकताना डबा वाजवायचा. आम्ही जुन्या तेलाच्या डब्यात मूठभर जोंधळा घालून वाजवतो. पहिले दोन दिवस निम्म्या येतात, आठवड्यात सगळ्या धावत येतात, आता तर डबा हातात घेतला तरी मागं लागतात. त्या आत आल्या की मोजायच्या, दार लावायचं आणि मग धारा काढायला बसायचं. म्हणजे थंडीत पाचला, मे-जूनमध्ये सहाला. मोजणं सोडू नका. एक जरी कमी असली तरी ती बाहेर झाडावर आहे की उसात गेली, हे त्याच संध्याकाळी कळतं, आणि पिसांची रेघ ताजी असते.

आपोआप बंद होणारं दार करू का, असं पुढचा प्रश्न विचाराल म्हणून सांगते. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एकाकडून वायपरची मोटर आणि टायमर लावून करून घेतलं होतं. दार वेळेवर बंद व्हायचं. तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, बाहेर असतानाही वेळेवर बंद व्हायचं. त्या तिघींपैकी सकाळी एकच राहिली. यंत्र चांगलं आहे, पण ते मोजत नाही. मी ते आता फक्त सकाळी उघडायला वापरते.

सकाळचंही थोडं. उजाडलं की सोडू नका. पहाटेचं धुकं आणि पहिला तास ही कोल्ह्या-मांजराची घरी परतायची वेळ असते. ऊन जमिनीवर आलं की सोडा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, त्यामुळं उशिरा सोडल्यावर अंडीही शेडमध्येच मिळतात, बांधाला शोधत फिरावं लागत नाही.

दिवसाचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि इथं मी तुम्हाला पक्कं वचन देणार नाही. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या म्हणजे थोडं सोडून द्यायचं. मला शंभरातल्या चार-पाच वर्षाला जातात, सगळं करून. ते ज्याला सोसणार नाही त्यानं बंदिस्तच पाळाव्यात.

दिवसाची अडचण अशी की आकाशातल्यासाठी आडोसा लागतो आणि जमिनीवरच्यासाठी उघडं रान. शिक्रा, घार, मोरघार यांना झेप घ्यायला मोकळी जागा हवी असते. मैदान सपाट असेल तर पिल्लं त्यांना ताटात वाढल्यासारखी. आणि रानमांजराला उलटं, त्याला लपत लपत दहा-पंधरा फुटांवर यायला झुडूप हवं. मग करायचं काय? आडोसा आत, कडा उघड्या. आवाराच्या मधोमध तूर, एरंड, शेवगा, केळीची बेटं लावा. झाडं वाढेपर्यंत जुना पत्रा किंवा बांबूची ताटी दीड फूट उंचीच्या खुंट्यांवर टाका, बाजेसारखी. कोंबडी धावत जाऊन तिच्याखाली शिरते, घार शिरू शकत नाही. अशी एक बाज दर वीस पावलांवर. आणि आवाराच्या कडेनं मात्र गवत कापून जमीन दिसती ठेवा.

तुम्ही लिहिलंय की ऊस कुंपणापासून पाच-सहा फुटांवर आहे. तो तुमचा असेल तर पुढच्या लागणीला तेवढ्या बाजूच्या चार सऱ्या मोकळ्या सोडा, तिथं मेथी-कोथिंबीर घ्या. शेजाऱ्याचा असेल तर त्या बाजूच्या जाळीला तीन-चार फूट उंच जुना पत्रा किंवा दुहेरी शेडनेट लावा. मांजर बघून शिकार ठरवतं. उसात बसून तासभर कोंबड्या न्याहाळायला मिळाल्या नाहीत तर निम्मं काम होतं. ते सहा फुटांवर उडी मारू शकतं, त्यामुळं नुसती उंची वाढवून उपयोग नाही. जाळीचा वरचा फूटभर भाग ताणून न बांधता बाहेरच्या बाजूला सैल कलता ठेवा. हलणाऱ्या जाळीवर पाय ठेवायला जनावर बिचकतं.

ऊसतोड जवळ आली की जास्त सावध. फड तुटायला लागला की त्यातलं सगळं जगत कडेला सरकत जातं, आणि शेवटच्या सऱ्या तुटताना ते बाहेर पडतं. तुमच्या लगतच्या फडात टोळी घुसली की पाच दिवस कोंबड्या सोडूच नका, पाचट पेटवणार असतील तर आणखी दोन. तुमचे तीन आठवडे नेमके तोडीच्या दिवसांत आलेत का? मला दाट शंका आहे. तोडीत रानमांजराची पिल्लं सापडली तर हात न लावता वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. आई रात्री येऊन घेऊन जाते. पन्हाळा-शाहूवाडीकडं बिबट्याही असतो. त्याचे ठसे दिसले तर कोंबड्यांचा विचार नंतर, तोच नंबर आधी.

कोंबडा किती ठेवलेत? आठ-दहा कोंबड्यांमागं एक असावा, आणि त्याचं ओरडणं ऐकायला शिका. वर घार दिसली की तो एकच लांब, ओढलेला, किंचाळल्यासारखा सूर काढतो आणि कोंबड्या दबून बसतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवर मांजर-कुत्रं दिसलं की तुटक तुटक, सारखं, "कॉक कॉक कटाक" चालू करतो आणि सगळ्या माना वर करून एकाच दिशेला बघतात. महिनाभर लक्ष दिलंत तर स्वयंपाकघरातून कळेल की वर बघत पळायचं की उसाकडं. नवीन तरणा कोंबडा कावळ्यालाही ओरडतो, त्याला वेळ द्या.

आणखी एक फुकटचा राखणदार म्हणजे कोतवाल पक्षी. उन्हाळ्यात त्यानं जवळच्या झाडावर घरटं केलं की घार असो, डोमकावळा असो, तो पाठीवर बसून टोचत हाकलतो. आमच्या बाभळीवर दर वर्षी जोडी येते. ती फांदी यजमानांनी दोनदा तोडायला काढली, दोनदा मी आडवी झाले.

पिल्लांना मात्र मोकळीक नको. खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन फिरते ते बघायला गोड असतं, पण सहा आठवडे त्यांना वरून जाळी घातलेल्या जागेतच फिरवा. द्राक्षबागेतली जुनी पक्ष्यांची जाळी स्वस्तात मिळते. रात्री डालग्याखाली आणि डालग्यावर दगड. डालगं कोब्यावर ठेवा, मातीवर ठेवलं तर घूस खालून येते.

कुत्रा पाळा, पण आज आणलेला कुत्रा उद्या राखण करेल या आशेवर नको. पिल्लू आणा, कोंबड्यांतच वाढवा, आणि पहिलं वर्ष एकटं सोडू नका. खेळता खेळता त्यानंच पाच-सहा मारल्या तर त्याची सवय मोडणं कठीण. गिनी कोंबड्या आरडाओरडा करतात हे खरं, पण त्या कशालाही ओरडतात. मला दोन महिन्यांत डोकेदुखी झाली.

झटका मशीन: सोलरचं, आयएसआय खुणेचं घेतलंत तर ते सेकंदाला एखादाच क्षणभराचा झटका देतं, सहसा माणूस किंवा जनावर मरत नाही. खालची तार जमिनीपासून पाच-सहा इंचांवर हवी, नाहीतर मुंगूस आरामात खालून जातो. गवत तारेला टेकलं की झटका मातीत जातो, म्हणजे पावसाळ्यात दर आठवड्याला खुरपणी आली. सत्तर कोंबड्यांना मी ते घेणार नाही. दोनशेच्या पुढं गेलात आणि कुत्र्यांचा त्रास असेल तर विचार करा.

दोन पायांचा शिकारीही विसरू नका. आषाढात गावठी कोंबडीला किती मागणी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या महिन्यात आमच्याकडं पिसं न सांडता, ठसे न उमटता, सगळ्यात वजनदार कोंबडेच जातात. त्यावर उपाय कुलूप आणि दाराशी दिवा एवढाच.

तर या आठवड्यात एवढं करा: उद्यापासून डबा वाजवून पाचला आत घ्या, मोजा आणि दार लावून मगच धारेला जा. तीन रात्री राख पसरा. खालून पत्र्याकडं बघून उजेडाच्या चकत्या मोजा आणि तेवढी वेल्डमेश आणा. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकत असाल तर बंद करा, चुना टाकून हातभर खोल पुरा, नाहीतर वासानं कुत्री रोज हजेरी लावतील. दिवसाच्या आवाराचं काम त्यानंतर, ऊस तुटल्यावर.

आणि गेल्या दोन-तीन कोंबड्यांची पिसं अजून बांधाला पडली असतील तर आजच गोळा करून देठ बघा. अख्खे आहेत की चावलेले, आणि मेलेल्या कोंबड्या जाळीपासून किती अंतरावर होत्या, एवढं कळवलंत तर माझा अंदाज कुठं चुकतोय ते मला सांगता येईल.